सतरा नंबरचं खोकं

गोजर वाचनालयात आली तेव्हा मी परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होते. मार्च महिना, परीक्षा सुरू झालेल्या, त्यामुळे टेबलांवर मुलं कमी आणि पंख्यांचा आवाज जास्त. जालन्याच्या या कॉलेजात मी चौदा वर्षं ग्रंथपाल आहे. इथे मोठ्याने बोलायचं नाही हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गोजरला ठाऊक नव्हतं.

"ताई, माय काल आपल्या पायानं हापशापोतर जाऊन आली!"

दोन मुलांनी माना वर केल्या. मी तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. हसनाबादहून एसटीने उभी आलेली, पदर घामाने मानेला चिकटलेला, तरी चेहऱ्यावर नुसता आनंद.

"घागर न्हाई आणली हां. मोकळी गेली, मोकळी आली. बाप काठी घेऊन मागं, आन ही त्यालाच म्हणती, तुम्ही कशाला पाय ओढून राह्यले, जल्दी चला!" ती एकटीच हसली. "परवा औरंगाबादला दाखवून आणलं. नव्वद दिवस झाले ना. डॉक्टरनं समदं इचारलं. आंघोळ सोता करती का, भाकर थापती का, माणसं वळखती का. मंग कागदावर नंबर टाकला. शून्यापासून सहापोतर असतंय म्हणे. मायला दोन दिला. दोन चांगलाच ना, ताई?"

"चांगला आहे."

"आन सहा काय असतंय?"

मी शिक्का शाईच्या गादीवर दाबला. "सहा म्हणजे माणूस गेलेला."

 मग हातातली पिशवी तिने माझ्याकडे सरकवली. "मायनं पाठवली. चिंच हाय, फोडून, चिंचोके काढून. डाव्या हातानं फोडली समदी. उजवा अजून बराबर चालत न्हाई." आणि दारापाशी गेल्यावर पुन्हा वळून, आता हळू आवाजात, "मी गावात समद्यांना सांगते. ताईनं आपला नंबर सोडला म्हणून माझी माय उठली."

ती चिंच मी घरी नेली नाही. शिपायाला देऊन टाकली.

माझी आई तुळजाबाई आणि गोजरची आई सोनूबाई, दोघी एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात पोचल्या होत्या. २००१ चा डिसेंबर. दोघींची उजवी बाजू गेलेली, दोघींची वाचा बंद, दोघींच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी. आई-दादा जाफराबादहून माझ्याकडे आठ दिवस राहायला आले होते. सकाळी साडेआठला आई मोरीत पडली. शेजाऱ्यांच्या जीपने आम्ही अकराच्या आत औरंगाबाद गाठलं. दादा म्हणजे माझे वडील, रामकिसन. जाफराबादच्या कापूस बाजारात त्यांनी तीस वर्षं मापाड्याचं काम केलं. वाटभर ते आईचा निर्जीव हात मांडीवर घेऊन बसले होते.

त्या दवाखान्यात तेव्हा गुठळी विरघळवणाऱ्या एका औषधाची चाचणी चालू होती. मच्छिंद्र ढाकणे नावाच्या तरुण डॉक्टरांनी माझ्या हातात चार पानी कागद दिला. मी तो शब्दन् शब्द वाचला. अर्ध्या रुग्णांना औषध मिळणार, अर्ध्यांना नुसतं सलाइनचं पाणी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. कपाटात पांढरी पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवलेली, प्रत्येकावर नंबर. जो रुग्ण येईल त्याला पुढच्या नंबरचं खोकं. दोन तासांनी कानशिलावर यंत्राची कांडी टेकवायची, डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून ऐकायचं आणि आत रक्त किती वाहतंय त्याचा नंबर लिहायचा. शून्य म्हणजे वाट बंदच. तीन म्हणजे पूर्ण मोकळी. मग नव्वद दिवसांनी माणूस काय काय करू शकतो ते पाहून दुसरा नंबर. वाट मोकळी झाली म्हणजे माणूस बरा होतोच का, हे त्यांना पाहायचं होतं. एकच अट होती. हातपाय गेल्यापासून सहा तासांच्या आत खोक्यातली बाटली सुरू व्हायला हवी.

"तुला कळतंय ना?" दादा म्हणाले. "मंग कर सही."

मी सही केली.

आमचा कागद टेबलावर तयार होता. शेजारी सोनूबाईचं स्ट्रेचर, आणि स्ट्रेचरची दांडी धरून गोजर. तिला लिहिता येत नव्हतं. ढाकणे तिला तिसऱ्यांदा विचारत होते, "नेमकं किती वाजता झालं?"

"जाफराबाद गाडी गेल्ती तव्हा."

"पण किती वाजता?"

"म्हंजे गाडी गेली, आन माय पडली."

ढाकणे बीडकडचे. त्यांना ती गाडी माहीत नव्हती. मला होती. त्याच गाडीने मी वर्षानुवर्षं माहेराहून जालन्याला आले होते. "सात वाजता," मी म्हणाले. "हसनाबादहून ती सातला सुटते."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. सोनूबाईची पाऊण तासाची मुदत उरली होती, आईची सव्वादोन तासांची. "आधी यांचं घ्या," मी म्हणाले, आणि गोजरला विचारून विचारून तिच्या आईचा कागद मीच भरला. गोजरने अंगठा उठवला. कपाटातून सतरा नंबरचं खोकं निघालं ते सोनूबाईसाठी. पंधरा मिनिटांनी अठरा नंबरचं, आईसाठी.

आई तिसऱ्या दिवशी गेली. डोक्यात रक्तस्राव झाला. सोनूबाई अकराव्या दिवशी भिंत धरून उभी राहिली.

सतराव्या खोक्यात औषध होतं आणि अठराव्यात पाणी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच वाटली नाही. एक बाई हापशापर्यंत जाऊन येते आणि एक बाई सहा नंबरची होते, यातून आणखी काय निघणार? त्या चार पानांत असंही होतं की या औषधाने काही जणांना डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. त्याच्याच खालच्या ओळीत होतं की औषध न देताही तो होऊ शकतो. मी ती खालची ओळ पाठ केली. वरची ओळ माझ्या वाचनात आली नव्हती असं मी म्हणणार नाही. मी तिच्यावर थांबले नाही एवढंच.

लोकांना वाटायचं मी दुःखात आहे, म्हणून गप्प आहे. दुःख होतंच. पण दिवसभर माझ्या मनात जे चालायचं ते दुःख नव्हतं, हिशेब होता. सोनूबाई एकसष्ट वर्षांची, आई अठ्ठावन्न. सोनूबाई दिवसातून चारदा मिश्री लावायची, आईने सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. सोनूबाईला पाच लेकरं, आईला मी एकटी. असं मी लिहून काढलं असतं तर मलाच लाज वाटली असती. लिहिलं नाही, म्हणून ते चालू राहिलं.

आणि गोजर दर पंधरा दिवसांनी बाजाराला आली की वाचनालयात डोकवायची. तिचा आनंद मी एक वेळ सोसला असता. मला सोसायच्या नाहीत त्या तिच्या तक्रारी. "माय लई कटकट करती, ताई. मीठच कमी, पाणीच थंड. धा येळा हाका मारती." मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, दहा वेळा. एवढ्या हाका एका दिवसात.

एप्रिलमध्ये मी ढाकण्यांना फोन लावला.

"सतरा नंबरच्या खोक्यात काय होतं?"

"मॅडम, ते मलाही माहीत नाही. सगळे रुग्ण पुरे होईपर्यंत नंबर उघडत नाहीत. कुणाची तब्येत एकदम बिघडली, पुढचे उपचार ठरवायचे असले, तरच एखादा उघडावा लागतो. तुमच्या आईंच्या वेळी वडिलांशी बोलणं झालंच होतं आमचं, ते..."

"मी आईचं विचारत नाही. मी सतराचं विचारते आहे."

"ते नाही सांगता येणार, मॅडम."

मी फोन ठेवला. त्यांनी काय सांगितलं याकडे माझं लक्षच नव्हतं. काय सांगितलं नाही, तेवढंच घेऊन मी घरी आले.

मेमध्ये आखाजी आली, आई गेल्यानंतरची पहिली. आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचं मातीचं मडकं भरतात, वर खरबूज आणि आंबा ठेवतात, आणि त्या माणसाच्या जागी कुणाला तरी जेवायला बसवतात. गेलेला पुरुष असेल तर पुरुष, बाई असेल तर बाई. सवाष्ण गेली असेल तर सवाष्णच लागते. त्या दिवशी त्या पाटावर बसलेली बाई पाहुणी नसते. ती जेवली म्हणजे आपलं माणूस जेवलं. म्हणून ती पोटभर जेवून उठायला हवी. अर्ध्या पानावरून उठली तर गेलेलं माणूस वर्षभर उपाशी राहतं असं मानतात. मी हे मानते की नाही, हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी जाफराबादला गेले. दादा ओसरीवर पान लावत बसले होते.

"सवाष्ण कोण सांगितली, दादा?"

"हसनाबादची सोनूबाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "जाफराबादच्या सवाष्णी संपल्या का?"

"न्हाई संपल्या."

"मग?"

"तुझ्या आईच्या बाजूच्या खाटेवर व्हती ती. तीन दिवस दोघी शेजारी पडून व्हत्या. गावातल्या कोण बायका आल्त्या तिथं?"

"दादा, आईचं औषध तिला मिळालं."

दादांनी पानाला चुना लावला, बोट कपड्याला पुसलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, "पुरणाची डाळ भिजू घातली का? तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला जीप आली. दोन माणसं उतरेपर्यंत सगळी जीप थांबून राहिली, कारण सोनूबाई कुणाला, बरोबर आलेल्या गोजरलासुद्धा, हात लावू देईना. "सोड गं, मी उतरते. अय ड्रायव्हर, हालवू नको गाडी, न्हाईतर पुन्ना औरंगाबादला न्यावं लागंल मला!" जीपमधली माणसं हसली. ती उतरली. डावा पाय, काठी, मग उजवा पाय जमिनीवरून ओढत. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. मी दारात तांब्या घेऊन उभी होते. तिच्या पायांवर पाणी घालताना मला तिची उजवी टाच दिसली. एका बाजूने झिजलेली. मला वाटलं, आईचीही अशी झिजलेली टाच मला चालली असती. पाय ओढत आली असती, काठी लागली असती, वाचा गेली असती, तरी चाललं असतं.

"कशी हाय लेकी?" सोनूबाई म्हणाली. जीभ थोडी जड, पण शब्द कळत होते.

"बरी आहे."

"वाळली गं लई."

दादांनी चुलीतल्या निखाऱ्यावर आईच्या नावाचा घास टाकला, मडक्याला हळदकुंकू वाहिलं. सोनूबाईला त्यांनी आईच्या पाटावर बसवलं. मी वाढलं: पुरणपोळी, आमरस, कटाची आमटी, कुरडया, भजी. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. ज्याच्या घरचं माणूस जेवतंय त्याने तोवर बसायचं नसतं.

सोनूबाईने पुढे केला तो उजवा हात. डाव्याने जेवायचं नाही, आज तर नाहीच, हे तिलाही ठाऊक होतं. बोटं पोळीपर्यंत गेली, पण पोळी तुटेना. दुसऱ्यांदा तुटली, रसात बुडाली, आणि तोंडापर्यंत येईतो निम्मा रस हनुवटीवर.

"आता का लुगड्याला बी जेवू घालायचं का!" गोजर तिच्याजवळ सरकली. "थांब, मी भरवते."

"माझं मी खाते."

"खाती म्हणे. तोंड कर हिकडं." तिने पदराने आईची हनुवटी पुसली, पोळीचा घास मोडला, रसात घोळवला आणि तिच्या तोंडात घातला. "चाव. पळून चालली न्हाई पोळी."

"गरम हाय गं."

"न्हाई गरम. नखरे बघा बाईचे."

सोनूबाईने तोंड उघडलं. गोजरने दुसरा घास घातला. मी रसाचं पातेलं हातात घेऊन दोघींच्या समोर उभी होते. आईच्या पाटावर एक आई आणि तिला भरवणारी तिची मुलगी. मी आईला असं कधी भरवलं नव्हतं. मला पक्कं माहीत होतं की आता मी बोलणार आहे, आणि मी स्वतःला थांबवलं नाही.

"ते सतरा नंबरचं खोकं माझ्या आईचं होतं."

गोजरचा हात वाटेत थांबला.

"आमचा कागद आधी तयार होता. मी तुमचा भरत बसले नसते तर ते खोकं आईला मिळालं असतं. आणि आज इथे..." पुढे कोण बसलं असतं ते मी म्हणाले नाही. म्हणायची गरज नव्हती.

सोनूबाईने तोंडातला घास गिळला. तिचा चेहरा एका बाजूनेच हलायचा, त्यामुळे तिला काय वाटलं ते अर्धंच दिसलं. तिने डावा तळवा जमिनीला टेकवला. "गोजरे, उठव मला."

"माय, पानावरनं उठू नको गं."

"उठव म्हणते ना. ज्याचं हाय त्यालाच द्यावं. मी का मागाया आल्ते?"

"सोनूबाई, बसा," दादा म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, पण बाजारात वजन पुकारताना लागायचा तसा स्पष्ट लागला. "पानावरून उठू नका. तुम्ही कुणाचं काई घेतलं न्हाई." मग माझ्याकडे पाहून, "तुझ्या आईचं औषध तुझ्या आईलाच भेटलं, द्वारका. अठरा नंबरात औषध व्हतं."

मी पातेलं खाली ठेवलं.

"दुसऱ्या दिवशी डोक्यात रक्त झालं, तव्हा त्या डॉक्टरनं वरच्या साहेबाला इचारून नंबर उघडला. तू खाली एसटीडीवर पाहुण्यांना फोन लावून राह्यली व्हतीस. त्यानं मला बाजूला घेतलं, समदं सांगितलं. औषधच व्हतं म्हणला. आन त्यानं काम बी केलं. यंत्रात तीन आले. वाट पुरी मोकळी झाल्ती. मंग रातीतून आतल्या आत फुटलं. कधी कधी हुतंय म्हणला असं. रक्त जोरात येतंय, आन नस तव्हर सडलेली असती."

 रसावर एक माशी बसली. गोजरने ती हातातल्या घासानेच हाकलली.

"मंग माझ्या खोक्यात काय व्हतं?" सोनूबाईने विचारलं.

"ते कुणालाच ठावं न्हाई."

"पाणी बी असंल?"

"असंल."

सोनूबाईने याच्यावर विचार केला. मग गोजरकडे वळली. "आन तू साऱ्या गावाला काय सांगून राह्यली व्हतीस गं? औषध, औषध! आता सांग, पाणी पिऊन उठली म्हणून. हापशाचं तर मी जलमभर पिऊन राह्यले."

गोजरला हसू फुटलं आणि ते फुटता फुटताच ती रडायला लागली. सोनूबाईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"लेकी, भूक लागली मला. सकाळपासून पोटात काई न्हाई, आज तुझ्या आईच्या नावानं जेवायचं म्हणून. पण तू मनानं वाढशील तरच खाईन. न्हाईतर मला उठव, मी गपचूप जाते. राग न्हाई."

मी काय करते याची तिघेही वाट पाहत होते. त्या क्षणी माझ्याकडे कारण उरलेलं नव्हतं. पाच महिने मी एक चोरी झाली असं धरून चालले होते, आणि चोरी झालीच नव्हती. जे मी आईसाठी मागितलं होतं तेच आईला मिळालं होतं, पुरेपूर, तीन नंबरचं. मी आधी गेले असते तर आईला सतरा नंबर मिळाला असता, आणि त्यात काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. सही माझी होती. एवढं सगळं असूनही गोजरच्या आईला गोजर भरवते आहे हे मला आत्ताही बघवत नव्हतं. चोरी नव्हती म्हणून हेवा गेला, असं काही झालं नाही.

मी पातेलं उचललं आणि तिच्या वाटीत रस वाढला. काठोकाठ.

"पोळी घ्या आणखी," मी म्हणाले.

"एक वाढ. तूप घाल वरून. लाजू नको."

मी माफी मागितली नाही आणि तिनेही तसं काही अपेक्षिलं नाही. ती तीन पोळ्या जेवली. प्रत्येक वेळी आधी उजव्या हाताने प्रयत्न करायची, मग गोजर भरवायची. शेवटी तिने ढेकर दिला, पानाला हात जोडले आणि म्हणाली, "जेवली गं बाई तुळजाबाई. पोटभर जेवली."

दुपारी परतीची जीप त्यांना घेऊन गेली. दादा आणि मी त्यानंतर जेवलो. जेवण झाल्यावर दादा ओसरीवर बसले. मी त्यांच्यासमोर बसले.

"पाच महिने तुम्ही बोलला नाहीत."

"तू त्या बाईवर चिडून राह्यली व्हतीस. म्हणलं, चिडू दे. सही तू केल्ती. सोतावर चिडण्यापेक्षा तिच्यावर चिडलेली बरी." त्यांनी पानाचा डबा जवळ ओढला. "आज ती उपाशी उठाय लागली, मंग इलाज न्हाई राह्यला."

"म्हणून तिलाच बोलावलं होतं?"

"न्हाई. मला वाटलं, तिला जेवताना पाहिलं की तुझा राग उतरंल. मला काय म्हाईत तू बोलून बसशील."

 एक गोष्ट मनात येत होती आणि ती विचारायची मला भीती वाटत होती. रक्त पूर्ण वाहायला लागलं होतं. दोन तासांनी. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला. त्या वेळी मी खाटेपाशी नव्हते. गोजरला रक्त तपासायची खिडकी सापडत नव्हती म्हणून तिच्याबरोबर खालच्या मजल्यावर रांगेत उभी होते. परत आले तेव्हा आई झोपली होती, आणि मला सांगण्यात आलं की तिला झोपू द्या.

"दादा, वाट मोकळी झाली तेव्हा आई शुद्धीवर आली होती?"

ते अंगणाकडे पाहत राहिले. "आल्ती."

"किती वेळ?"

"पंधरा मिन्टं. ईस म्हण."

"बोलली?"

"बोलली."

"काय?"

"माझ्या डोक्याकडं पाहिलं. म्हणली, टोपी कुठं टाकली? चारचौघांत असं बोडक्यानं बसत असतेत का." त्यांचा हात आपल्याच डोक्याकडे गेला. "जीपमधी बसायच्या घाईत ऱ्हाऊन गेल्ती टोपी. मंग तिनं हात उचलला. उजवाच. आन माझे केस नीट बसवले, असे. मंग डोळे मिटले."

"माझ्याबद्दल काही?"

"न्हाई." ते माझ्याकडे पाहत होते. "खोटं कशाला बोलू, द्वारका. टोपीचं बोलली तेवढंच."

बाहत्तर वर्षांचा माझा बाप समोर बसला होता, पांढरे विरळ केस मागे वळवलेले. त्यांच्या डोक्यावरून तो हात फिरला होता, जो हलताना मी एकदाही पाहिला नाही. ती वीस मिनिटं त्यांनी पाच महिने एकट्याने सांभाळली, आणि त्यांतलं एकही मिनिट माझं नव्हतं. सोनूबाईचा हेवा करणं याच्यापुढे सोपं होतं.

"पुन्हा सांगा," मी म्हणाले. "आधी बोलली की आधी हात उचलला?"

दादांनी सांगितलं. मी पुन्हा विचारलं.